थिएनची क्रियापदं आणि माझं न उठणं

कीनेश्मा, शनिवार सकाळ

आदरणीय रिम्माताईला धाकट्या कापाचा वाकून नमस्कार. (वाकले नाहीये. आत्ता मला वाकताही येत नाही आणि उठताही येत नाही. का ते पुढे कळेलच. पत्राची शेवटची ओळ आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. या वेळी तसं केलंस तर तुला तुझ्या इर्तिश नदीची शपथ.)

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा रक्तदाब ताळ्यावर आहे ना? डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलंय असं तू म्हणाली होतीस, म्हणून खारवलेल्या काकड्यांची बरणी पाठवतेय ती बेताच्या मिठाची आहे. (तू आधी चाखून बघणार, मग खारट आहे म्हणून त्यांच्यापुढून काढून घेणार आणि एकटीच संपवणार, हे मला ठाऊक आहे. बरणी मात्र परत पाठव, आणि रिकामी पाठवू नकोस.) आमच्याकडे सगळे धडधाकट. व्होल्गेवरचा बर्फ काळा पडायला लागलाय, त्यावर आता पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे माझा नवरोबा निकोदिम दिवसभर खिडकीत बसून नदीकडे असा बघतो की जणू नदी त्याला सोडून माहेरी निघालीय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. ट्रंकेवर बसून, मांडीवर भाजी चिरायची फळी ठेवून लिहितेय.

तू आठवड्यातून एकदा फोन करून एकच प्रश्न विचारत आलीस: तुझ्या जावयाला, थिएनला, क्रियापदं शिकायला एखादं चांगलं साधन मिळालं का? मी दर वेळी 'शोधतेय' म्हणून फोन ठेवत आले. आज सविस्तर उत्तर देते. ओम्स्कच्या समस्त गोतावळ्याला तू तुझी बाजू सांगून बसली आहेस, तेव्हा माझी बाजूही अगदी पहिल्यापासून मांडते, म्हणजे कोणाला दाखवायची वेळ आली तर हे पत्र पुरेल. खुशाल दाखव. मी कोणाला भीत नाही.

आमची झ्लाता व्हिएतनामला समुद्रात डुंबायला गेली होती. लोक तिथून शिंपले आणतात, सुकवलेले आंबे आणतात. हिने नवरा आणला. वर मला म्हणते, 'आई, बघ तर किती शांत आहे!' शांत असणारच, त्याला रशियनचा शब्द येत नव्हता. मी नाक मुरडायच्या पूर्ण तयारीनिशी दारात उभी होते, पण या पोराने त्याला जागाच ठेवली नाही. तिकडे तो हॉटेलांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. इथे आल्याबरोबर कोट काढायच्या आधी त्याने कान टवकारले, स्वयंपाकघरात गेला, आणि मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून गळणारा नळ बंद केला. पहिले काही दिवस मला झोपच लागेना, इतकी शांतता. (निकोदिमला मी या नळाबद्दल किती वर्षं बोलत होते हे तू जाणतेस. तो दिवसाला दोन शब्द बोलतो, त्यातला एक 'उद्या' असतो.)

आता भाषेचं. थिएनच्या भाषेत म्हणे क्रियापदाला शेपूटच नसतं. मी, तू, तो, काल, उद्या, सगळ्यांना एकच रूप. मागेपुढे एखादा शब्द चिकटवला की भागलं. (इतकी शहाणी भाषा सोडून माणसं आपल्याकडे कशाला येतात, देव जाणे.) तेव्हा इथे आल्यावर तो 'आई बसणे, मी बटाटा आणणे, काल बर्फ पडणे, उद्या बर्फ पडणे' असं बोलायचा. माझी काही तक्रार नव्हती. बर्फ काल पडला काय नि उद्या पडला काय, फावडं त्याच्याच हातात होतं. तक्रार तुला होती. तू जन्मभर शाळेत रशियन शिकवलंस, तुला फोनवर 'मावशी बरी असणे?' ऐकवेना. आणि मग तू ते जाहीर केलंस: भावोजी ज्या पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाले तिथे थिएनला चिकटवायचं, राहायला तुमच्या तीन खोल्या आहेतच, पुढेमागे झ्लाताला दिवस गेले की बाळंतपणही ओम्स्कलाच करायचं. अट एकच. कारखान्याचे साहेब ग्लेब तिमोफेयेविच फोनवर मुलाखत घेतील, तेव्हा पोराने क्रियापदं नीट चालवून बोललं पाहिजे.

मी फोनवर 'वा, वा' म्हटलं. मनात म्हटलं, बघतेच. ताई, तुझा मुलगा कालिनिनग्राडला जाऊन बसला, तुला घर खायला उठतं, हे सगळं मला कळतं. पण म्हणून तू माझी लेक, माझा जावई आणि माझं अजून जन्माला न आलेलं नातवंड, तिघांना एकदम उचलून सैबेरियात नेणार? तेही क्रियापदांच्या वाटेने? तेव्हाच मी ठरवलं की हा मुलगा रशियन शिकेल, पण साहेबाला पसंत पडेल असं काही शिकणार नाही. हे मी लपवत नाही आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुला मांजर पाळायला मी पूर्वीच सुचवलं होतं.

तुझी साधनं एकेक करून येऊ लागली. आधी ऑगस्टमध्ये त्या सीडीच्या चकत्या आल्या, ज्यांत कोणीतरी बाई गंभीर आवाजात 'मी धावतो, तू धावतोस, ते धावतात' म्हणत असते. साधन उत्तम. इतकं उत्तम की मी त्या चकत्या दोऱ्याला बांधून बागेत काळ्या बेरींच्या झुडपांवर टांगल्या. उन्हात अशा लखलखतात की एक पाखरू फिरकलं नाही. गेल्या वर्षीचा मुरंबा तू चाटूनपुसून खाल्लास तो त्याच क्रियापदांच्या जोरावर झालाय, हे लक्षात असू दे.

मग ऑक्टोबरात ती भिंतीएवढी घडीची कागदी तक्ता-सुंदरी आली, सगळ्या क्रियापदांची सगळी रूपं एका नजरेत. थिएन तर हरखूनच गेला, चटईसारखी अंथरून तिच्यावर गुडघे टेकून वाचत बसला. पण ऑक्टोबर म्हणजे खिडक्या बंद करायचा महिना. तुमच्याकडे नव्या खिडक्या असतील, आमच्याकडे अजून साबणाचं पाणी लावून कागदाच्या पट्ट्यांनी फटी बुजवाव्या लागतात. इतका जाड, चिवट कागद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कात्री चालवली. आता स्वयंपाकघराच्या खिडकीला 'देणे' आहे, झोपायच्या खोलीला 'गप्प राहणे' अर्धं आणि 'शिंकणे' अर्धं, आणि संडासाच्या झरोक्याला 'वाट पाहणे'. (हे मुद्दाम केलं नाही, पट्टी तेवढीच उरली होती.) वाऱ्याची मात्र एक झुळूकही आत येत नाही. या साधनाबद्दल मी तुझे मनापासून आभार मानते.

डिसेंबरात तू झ्लाताच्या मदतीने थिएनच्या फोनमध्ये ते शिकवणारं यंत्र घातलंस. ते दर तासाला कोकलायचं, चुकलं की लाल व्हायचं, बरोबर आलं की टाळ्या वाजवायचं. निकोदिमने थिएनला पहिल्यांदा नदीवर मासे धरायला नेलं, बर्फाला गिरमिटाने भोक पाडलं, दोघं गळ सोडून बसले, आणि नेमकं त्या यंत्राने टाळ्या वाजवल्या. पुढे काय झालं याबद्दल दोघंही काही बोलत नाहीत. फोन भोकात पडला एवढंच समजलं. निकोदिमच्या त्या दिवसाच्या दोन शब्दांपैकी एक 'निसटला' हा होता, आणि तो हसत होता.

जानेवारीत तू थकलीस आणि जिवंत माणूस पाठवलास. म्हणजे पडद्यावरचा. तुझा तो जुना विद्यार्थी, एदुआर्द, चष्मा आणि गळ्याला मफलर. घरात परका माणूस बोलतोय आणि मी उठून आत जायचं, असले संस्कार माझ्यावर नाहीत, म्हणून मी बाजूला बसायचे. त्याने थिएनला विचारलं, आज सकाळी काय केलंत? आता पोराला शब्द जुळवायला वेळ लागतो, समोरचा माणूस ताटकळतो, ते बरं दिसतं का? मी सांगितलं, आज कोबी खारवला. तो म्हणाला, आजी, थिएनना बोलू द्या. मी म्हटलं, बोलेल की, तुम्ही कोबीत गाजर घालता का? तो म्हणाला, बीटही घालतो. बीट! ताई, तू असल्या माणसाला शिकवलंस? पुढचा सगळा तास आमचा बिटावरून वाद झाला. दुसऱ्या आठवड्यापासून तो यायचा बंद झाला. तू कारण विचारलंस तेव्हा मी 'वीज गेली होती' म्हणाले. वीज गेली नव्हती.

आता तू म्हणशील, कापाने नुसती मोडतोड केली. चूक! मी माझी साधनं उभी केली. भूतकाळासाठी त्याला निकोदिमबरोबर रोज बर्फावर पाठवलं. तिथे ती सगळी म्हातारी मंडळी आपापल्या भोकापाशी पेटीवर बसलेली असतात, आणि तिथे भूतकाळाशिवाय दुसरं काही बोललंच जात नाही. हातात मासा असला की माणूस बोलत नाही, आणि नसला की गेलेल्याबद्दलच बोलतो. ओढला. आला होता. एवढा होता. दोर तुटला. गेला. महिनाभरात पोरगा असा भूतकाळ बोलायला लागला की ऐकणाऱ्याला हळहळ वाटावी. हातांसकट शिकला, 'होता' म्हणताना दोन्ही हात आपोआप फाकतात, मग विषय माशाचा असो वा बसचा.

भविष्यकाळासाठी आमच्या इमारतीचं बघणारे पोलिकार्प देनिसोविच. जिन्यावरचं छप्पर गळतंय त्याला किती पावसाळे नि किती हिवाळे झाले. दर सोमवारी थिएनला त्यांच्या कचेरीत पाठवायचं. तिथून तो ताजी ताजी रूपं घेऊन यायचा: पाहू, पाठवू, करू, होईल, वसंतात नक्की सुरू होईल. उच्चार अगदी शुद्ध. पण एक घोटाळा झाला. त्याच्या डोक्यात असं बसलं की भविष्यकाळ म्हणजे नाही म्हणायची सभ्य रीत. एकदा झ्लाताने लाडात विचारलं, माझ्यावर नेहमी असंच प्रेम करशील ना? तर हा पांढराफटक पडला आणि खाली बघत बसला. 'करीन' म्हटलं तर त्या प्रेमाचं छप्पर होईल अशी त्याला भीती. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून तो भविष्यकाळाला हातच लावत नाही.

आणि आज्ञार्थाला माझ्याइतकं चांगलं साधन उभ्या व्होल्गाकाठी नाही. बस. खा. अजून घे. टोपी घाल. कान झाक. दार लाव. ओला मोजा काढ. यात शिकवण्यासारखं काही नव्हतं, आपोआप झालं. एकदा मी शिडीवर चढले होते तर मागून माझाच सूर आला: 'उतर! सांभाळ! चहा पी!' मी उतरले. आमच्या घरात मला कोणी उतरवू शकतं हे निकोदिमने पहिल्यांदाच पाहिलं. वर्तमानकाळ मात्र कुठे मिळेना. आमच्या गावात तो कोणी वापरतच नाही. अर्धे लोक झालेलं उगाळतात, अर्धे होणारं सांगतात आणि उरलेल्यांना मी कामाला लावते. तो फक्त खिडक्यांच्या फटींत होता, आणि तिथे तो वारा अडवत होता.

असा हा सगळा माल तयार झाला आणि मला खात्री पटली की साहेब दोन वाक्यांत फोन ठेवणार. तरीही सावधगिरी म्हणून मी मुलाखतीचा दिवस सुचवला. मासलेनित्साचा, घावनांच्या सणाच्या आठवड्यातला बुधवार! तू लगेच 'हो' म्हणालीस आणि मला हसू आवरेना. अगं, बुधवारी सासूने जावयाला घावनं खाऊ घालायची असतात, हे तू पुस्तकं वाचून वाचून विसरलीस का? सकाळी उठून मी पीठ भिजवलं. आंबट साय, मध, मासळीची अंडी, किसलेलं चीज, सगळं मांडलं. साहेबांचा फोन यायच्या वेळी थिएनच्या पोटात घावनांची अशी चळत होती की त्याला श्वास घेणंही जड झालं होतं, आणि एक तोंडात होतं. फोन वाजला तसं मी आणखी एक कोंबलं. (जावयाला नाही म्हणता येत नाही, बुधवार होता.)

मी दाराशी उभी होते, सगळं ऐकलं. साहेबांनी विचारलं, कोण बोलतंय? इकडून नुसता चावण्याचा आवाज. साहेब म्हणाले, काय खाताय? थिएनने गिळलं आणि म्हणाला, 'घावनं खाल्ली. सासू उभी होती.' मग साहेब अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, 'अरे हो, आज बुधवार. माझी सासू गेली त्याला बरीच वर्षं झाली. आता बुधवारी कोणी विचारत नाही.' आणि ताई, या पोराने काय करावं? त्याने फोन दोन्ही हातांत धरला आणि कारखान्याच्या साहेबाला, अरे-तुरे करून, माझ्याच सुरात, हुकूम सोडला: 'बस! खा! अजून घे! टोपी घाल!' मी डोळे मिटले. म्हटलं, सुटले. डोळे उघडते तो फोनमधून नाक ओढल्याचा आवाज. साहेब रडत होता की हसत होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग त्याने विचारलं, 'तुमच्याकडे व्होल्गेत काय लागतं सध्या?' तिथेच मला कळलं की माझं घर बसलं.

पुढचा सगळा वेळ दोघं माशांवर बोलले. एवढा होता. केवढा? एवढा! फोनवर हात दिसत नाहीत, पण बर्फावर बसणाऱ्या माणसांना ते ऐकू येतात असं दिसतं. इर्तिशवर कुठे भोक पाडायचं हे साहेबाने त्याला सांगितलं, आमिष कसलं लावायचं हे थिएनने साहेबाला सांगितलं, सगळं अस्खलित भूतकाळात. शेवटी साहेबाने विचारलं, मग कामावर कधी याल? थिएनने भविष्यकाळाला वळसा घातला आणि म्हणाला, 'आलो.' असला तत्पर माणूस आपल्याला हवाच होता म्हणून साहेब खूश. करायला गेले एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी तुझा फोन आला, तू आनंदाने हुंदके देत म्हणालीस, 'कापा, तू कमाल केलीस! कुठलं साधन वापरलंस?' मी फोन ठेवला. त्या रविवारी, सण संपताना रीतीप्रमाणे सगळं गाव एकमेकांची क्षमा मागत फिरत असताना, तुझा फोन पुन्हा वाजला. मी घेतला नाही. मला कोणाची क्षमा मागायची नव्हती आणि कोणाला द्यायचीही नव्हती, आजही नाही.

आणि आता आजचं. सामान बांधून झालंय. खाली टॅक्सी उभी आहे. मॉस्कोची गाडी दुपारची आहे, तिथून पुढे ओम्स्क. निघायच्या आधी आपल्या रीतीप्रमाणे सगळे घडीभर बसलो: निकोदिम स्टुलावर, झ्लाता पलंगाच्या कडेला पोटावर हात ठेवून, थिएन गाठोड्यावर, मी ट्रंकेवर. बसलं की बोलायचं नसतं, बोललं तर प्रवासाला विघ्न. आणि घरात जे वयाने मोठं, त्याने आधी उठायचं, मग बाकीच्यांनी. ताई, निकोदिमपेक्षा मी तीन वर्षांनी मोठी आहे, हे मी आजवर लग्नाच्या फोटोलाही कळू दिलं नव्हतं. आज ते मी तुला लेखी देते. मोठी मी आहे. आणि मी उठलेले नाही.

बसल्या बसल्या फडताळातून फळी ओढली, कागद घेतला आणि हे पत्र सुरू केलं. कोणाची हूं की चूं करायची टाप नाही, रीत म्हणजे रीत. झ्लाता मघापासून डोळे वटारतेय. टॅक्सीवाला भोंगा वाजवतोय. वाजव म्हणावं, तो बाहेर आहे, त्याला बोलायची मुभा आहे. माझ्यासमोर मोठी खिडकी आहे. एप्रिल लागला की पट्ट्या भिजवून सोलायच्या आणि खिडक्या सताड उघडायच्या, दर वर्षीचं काम, पण या वर्षी मी हात लावलेला नाही. या खिडकीला 'राहणे' लावलंय. मी राहतो, तू राहतोस, ती राहते, आम्ही राहतो. थिएन तिकडेच बघतोय. त्याचे ओठ हलताहेत, आवाज नाही.

कालपासून झ्लाता येताजाता म्हणतेय, येऊ गं आई, उन्हाळ्यात येऊ, बाळाला घेऊन येऊ. थिएन एकदाही म्हणाला नाही. पोलिकार्प देनिसोविचांनी त्याला शिकवलंय ना, 'येऊ' म्हणजे काय ते. म्हणून मला सर्वांत जास्त राग त्याचा येतो, आणि सर्वांत जास्त तोच आवडतो. या घरात मला खोटी आशा न दाखवणारा तेवढा एकच आहे. तो गेला की नळ पुन्हा गळेल, मला माहीत आहे, आणि मी तो कोणाला दुरुस्त करू देणार नाही. तेव्हा तुला स्पष्ट कळवते: मी उठणार नाही. गाडी जाऊ दे, साहेब जाऊ दे, तुझ्या तीन खोल्या रिकाम्या राहू देत. तुला काय वाटायचं ते वाटो.

भावोजींना नमस्कार. शेजारच्या त्या खोकणाऱ्या बाईलाही सांग.

तुझी, कशालाही न बधणारी,
कापा

ता. क. हे पत्र थिएनच्याच हाती देत आहे. (माझं अक्षर त्याला लागत नाही, आणि झ्लाता दुसऱ्याची पत्रं फोडत नाही, तसं वळण मी लावलंय.) त्यात एक मागणं आहे, बाकी सगळं सोडून दे पण हे ऐक. त्याची क्रियापदं सुधारू नकोस. साधनं आणू नकोस, तक्ते लावू नकोस, त्या बीटवाल्याला तर दारात उभं करू नकोस. तू दारातून आत येशील आणि तो तुला मोठ्याने म्हणेल, 'बस! खा! कान झाक!' तेव्हा तू शिक्षिकेसारखा चेहरा करणार. करू नकोस. ते तो बोलत नसेल. ते मी बोलत असेन. झ्लाता थंडीत बाहेर निघाली की तो 'टोपी घाल' म्हणेल, आणि पुढे त्या बाळालाही म्हणेल. म्हणू दे. मग तू निमूटपणे बस, आणि खा.

ता. क. दुसरा. आत्ता माझं लक्ष गेलं. थिएनच्या गाठोड्यातून एक लाकडी मूठ बाहेर आलीय. ते निकोदिमचं गिरमिट आहे, ज्याला तो मलाही हात लावू देत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. निकोदिम छताकडे बघायला लागला. वस्तू विसरली की माणसाला ती आणायला जावंच लागतं, आणि पुढच्या हिवाळ्यात बर्फ धरला की त्याला त्याशिवाय करमणार नाही, हे उघड आहे. आता एकट्याला तर मी त्याला पाठवणार नाही, ओम्स्कच्या स्टेशनावरच दोन शब्द संपवून बसेल. तेव्हा तुझा तो उघडायचा सोफा दोघांना पुरतो का, एवढंच कळव. (याचा अर्थ मी तुला माफ केलं असा नाही.)

ता. क. तिसरा. थिएन जागचा उठला. म्हणजे रीत मोडली. पण तोंडातून शब्द नाही काढला. खुंटीवरून माझी लोकरीची टोपी आणली, माझ्या डोक्यावर घातली, कानांवर खाली ओढली, आणि माझ्यासमोर हात पुढे करून उभा राहिलाय.

उठतेय.